पितळेचा तुकडा

शनिवारी दुपारी आजी पितळेची भांडी अंगणात काढायची. हंडा, दोन कळश्या, तांब्या आणि रविवारचं दान मोजायला वापरायचे ते एक पसरट ताट. भिजवलेली चिंच, मीठ, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन आम्ही दोघी घासायला बसायचो. आजी मिशनची बायबलबाई होती. नेवासे तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर पायी हिंडून तिने बायकांना शुभवर्तमान सांगितलं, अक्षरओळख करून दिली, बाळंतिणींच्या उशाशी रात्री काढल्या. तिच्या गोष्टी हातातल्या कामातूनच निघायच्या. पितळ घासायला बसलं की निघायचा तो मोशेचा साप.

अरण्यात इस्राएल लोकांना विषारी साप डसू लागले. लोक मरू लागले. तेव्हा देवाने त्यांचा पुढारी मोशे याला सांगितलं, एक साप घडव आणि खांबावर लाव. जो त्याच्याकडे बघेल तो जगेल. मोशेने पितळेचा साप केला. लोकांनी बघितलं आणि ते जगले. संडेस्कूलमध्ये गोष्ट इथे संपायची. आजीची गोष्ट इथे सुरू व्हायची.

"मग त्या सापाचं काय केलं असंल त्यांनी?"

मला सांगता यायचं नाही.

"जपून ठेवला. कोण टाकून देईल, पोरी? बापजाद्यांचा जीव वाचवला त्यानं."

आणि मग ती थेट राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात यायची. शेकडो वर्षं उलटली आहेत. यहूदाच्या गादीवर हिज्कीया राजा बसला आहे, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. आणि लोक त्या पितळेच्या सापापुढे धूप जाळताहेत. हिज्कीयाने तो साप कुटून टाकला आणि त्याला नाव दिलं नहुश्तान. म्हणजे पितळेचा तुकडा. एवढं सांगून आजी हातातला तांब्या उन्हात धरायची, डाग राहिलाय का बघायला.

मूर्तिपूजेबद्दल बायबलमध्ये पुष्कळ आहे. सीनाय पर्वताखालचं सोन्याचं वासरू आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला तो सुतार आहे, जो अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्या लाकडाचा देव करतो. पण या वयातही मला अस्वस्थ करतो तो सापच. कारण तो परक्यांकडून आणलेला नव्हता. तो देवाने करायला सांगितला होता, त्याने खरोखर माणसं वाचली होती, आणि योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने स्वतःच्या क्रुसाबद्दल बोलताना त्याच सापाचा दाखला दिला. इतक्या पवित्र वस्तूपुढे धूप जळायला लागला तर ओळखायचं कसं? आणि फोडायचं धाडस कुणी करायचं?

आमच्या घरात मूर्तिपूजा हा शब्द दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेला होता. आमचा पणजा ख्रिस्ती झाला तेव्हा त्याने 'मूर्ती सोडल्या', असं आम्ही अभिमानाने सांगायचो. मोठी झाल्यावर मला त्या वाक्यातली गफलत दिसली. नगर जिल्ह्यात जे लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, ते बहुतेक गावकुसाबाहेरचे. ज्या देवळाची पायरी चढायची त्यांना मुभा नव्हती, त्या देवळातली मूर्ती माझ्या पणज्याने सोडली कशी असेल? त्याला तिच्याजवळ कुणी जाऊच दिलं नव्हतं. त्याने सोडली असेल तर भीती. गावाची, पाटलाची, कोपणाऱ्या देवतांची, आपल्या सावलीने कुणी बाटेल याची. ही भीती गेली तेव्हा माणूस ताठ उभा राहिला. मूर्ती सोडणं म्हणजे काय, याचा आमच्या घराण्यातला पहिला धडा हाच होता, आणि दोन पिढ्यांत आम्ही तो विसरलो. आमच्या हातात उरला तो शेजाऱ्यांकडे बोट दाखवायला एक शब्द.

मी सातवीत असेन. गणपतीत वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी गेले होते. तिच्या आईने उकडीचा मोदक हातावर ठेवला. मी तो परत ताटात ठेवला आणि म्हणाले, "आम्ही मूर्तिपूजा मानत नाही." मैत्रिणीचा चेहरा पडला. तिची आई म्हणाली, "बरं बाळा," आणि तिने डब्यातली साधी साखर आणून दिली. घरी येऊन मी सगळं सांगितलं. आजीने जवळ घेतलं, बाबांनी रात्रीच्या प्रार्थनेत माझं नाव घेऊन देवाचे आभार मानले, रविवारी पाळकसाहेबांपर्यंत गोष्ट पोचली. पुढे कितीतरी दिवस मी तो प्रसंग आठवून सुखावत असे. माझं चुकलं की बरोबर होतं, याचा निवाडा मी आज करत नाही. प्रसादाच्या प्रश्नावर करिंथ शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतही भांडणं झाली, आणि प्रेषित पौलाने पत्रात त्यावर दोन-तीन अध्याय खर्च केले. तो म्हणतो, मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही, आणि लगेच म्हणतो, पण तुझ्या वागण्याने दुसऱ्याचं काय होतं ते बघ. मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी मोदकापेक्षा कितीतरी गोड काहीतरी मी खाल्लं होतं, ते कौतुक. आणि त्याची चटक लागली.

याच संदर्भात मला पंडिता रमाबाईंचा एक प्रसंग फार मोलाचा वाटतो. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या भगिनीसंघात राहताना गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असावीत, असं त्यांना सांगण्यात आलं. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन यांना पत्रातून सरळ विचारलं: ब्राह्मणांना संस्कृत जशी देवभाषा वाटते तसंच तुम्हाला लॅटिनबद्दल वाटतं का? माझ्या क्रुसावर शब्द हवेतच तर ते संस्कृतात असू देत. ती पवित्र आहे म्हणून नव्हे, माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून. पंचविशीची, परक्या देशात दुसऱ्यांच्या आसऱ्याने राहणारी, पदरात लहान मुलगी असलेली विधवा. तिने देवभाषेच्या दडपणाखालचं जग आतून बघितलेलं होतं, म्हणून तिला ते दुसऱ्या वेषातही ओळखता आलं. ज्यांच्या आसऱ्याला ती होती, त्यांच्याच गळ्यातला नहुश्तान तिने अदबीने दाखवून दिला. बायबलमधले संदेष्टेही हेच करतात. यहेज्केलासमोर येऊन बसले ते इस्राएलाचे वडील होते, देवाचं वचन ऐकायला आले होते, आणि देव म्हणतो, यांनी आपल्या मूर्ती आपल्या हृदयात ठेवल्या आहेत.

माझ्या हृदयातली एक मूर्ती मला बँकेच्या काउंटरवर दिसली.

मी एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅशला. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या. 9 तारखेला बँका बंद होत्या. 10 तारखेला सकाळी आम्ही शटर वर केलं तेव्हा रांग कोपऱ्यावरून वळून पुढे गेली होती. त्या आठवड्यांत मी माणसांचे जे चेहरे बघितले ते विसरता येत नाहीत. भाजीवाल्या बायका, बांधकामावरचे मजूर, ज्यांची रोजची चूल त्या नोटांवर होती, त्यांची भीती पोटाची होती, तिला मी मूर्तिपूजा कधीच म्हणणार नाही. पण रोज रात्री घरी येऊन मी आमच्या बचतीचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडत बसायचे. आमचे पैसे खात्यात होते, एक रुपयाही बुडणार नव्हता. तरी झोप लागत नव्हती. कोऱ्या कागदासारख्या झालेल्या गड्ड्या दिवसभर मोजून माझ्या पायाखालची जमीन हलली होती. मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे स्तोत्र म्हणत होते, आणि 'मला काही उणे पडणार नाही' या ओळीच्या मागे मनात मुदतठेवीची पावती धरलेली असायची.

पुढच्या एप्रिलमध्ये आई गेली. तिच्या वस्तू आवरताना बायबलच्या रेक्झिनच्या वेष्टणात हजाराच्या चार आणि पाचशेच्या सहा नोटा निघाल्या. सात हजार रुपये. बदलून घ्यायची मुदत 30 डिसेंबरलाच संपली होती. आईने त्या तिथेच का ठेवल्या असतील? चोर बायबल उघडणार नाही म्हणून? की देवाच्या हवाली केल्या म्हणून? मला हसू आलं नाही. मी बराच वेळ ते पुस्तक आणि त्या नोटा मांडीवर घेऊन बसले. आमच्यात बाळाच्या उशाखाली बायबल ठेवतात, प्रवासाला निघताना गाडीत ठेवतात, नव्या घरात आधी ते नेतात. प्रेमाने ठेवतात, मीही ठेवलं आहे. पण न वाचलेलं बायबल जेव्हा घराची राखण करू लागतं, तेव्हा तेही खांबावरचा सापच होतं.

लोभ ही मूर्तिपूजाच आहे, असं पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिलं. मला तो शब्द पूर्वी श्रीमंतांसाठी वाटायचा. आता वाटतं, मध्यमवर्गीय ख्रिस्ती घरांत लोभ काळजीचं रूप घेऊन येतो आणि त्याला आपण जबाबदारी म्हणतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली, पंचावन्नच्या आसपास, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा करायला गेले. त्यानंतर ते दोनच वर्षं जगले. लहानपणी हे ऐकताना मला त्यांच्या मागे संसार ओढणाऱ्या लक्ष्मीबाईंची काळजी वाटायची. अजूनही वाटते. मी तशी उडी मारू शकले नसते आणि सगळ्यांनी मारावी असंही म्हणत नाही. पण पगार ही देवाने दिलेली गोष्ट आहे आणि ती देव नाही, हे त्यांनी जगून दाखवलं.

मंडळीबद्दल लिहायला मला जड जातं. ज्या मंडळीने मला वाढवलं तिच्याबद्दल बोलताना जीभ अडखळते, पण गप्प राहणं खोटं होईल. आमच्याकडे कापणीचा सण असतो. शेतकरी कणसं आणतात, बायका लोणची-पापड आणतात, कुणी कोंबडी, कुणी भोपळा. उपासनेनंतर लिलाव होतो. लहानपणी या दिवसासारखा आनंदाचा दिवस नसे. हळूहळू बोलीचा सूर बदलला. भोपळा पाच हजारांना जाऊ लागला. घेणाऱ्याचं नाव माइकवरून तीनदा पुकारलं जाऊ लागलं. दोन घराण्यांत चुरस लागली की सगळे टाळ्या वाजवू लागले. ज्या बाईने दोन अंडी आणली होती, तिची अंडी शेवटी कुणीतरी घाईघाईने वीस रुपयांना उचलली. एका वर्षी कमिटीच्या बैठकीत मी सुचवलं की नावं पुकारू नयेत, बोली चिठ्ठीवर घ्यावी. एक ज्येष्ठ पंच समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, नाव नाही घेतलं तर बोली कोण लावणार?" त्यांच्या मनात कपट नव्हतं. छप्पर गळत होतं आणि त्यांना पैसे उभे करायचे होते. पण त्यांनी जे सांगितलं ते अगदी खरं होतं, म्हणूनच मला रात्रभर लागून राहिलं.

आणि कंपाउंड. जुन्या मिशनच्या जमिनी, त्यावरचे खटले, निवडणुका, दोन-दोन कमिट्या, कुलपांवर कुलपं. हे कुठल्या एका गावाचं दुखणं नाही. मी अशी उपासना बघितली आहे जिथे आत प्रभुभोजन चालू होतं आणि दाराशी पोलीस उभे होते. दोन्ही बाजूंची माणसं प्रार्थना करणारी. दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपण देवाचं घर वाचवतोय. संदेष्टा यिर्मया याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात देव त्याला मंदिराच्या दारात उभा करतो आणि आत येणाऱ्यांना सांगायला लावतो: 'हे परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर' असल्या फसव्या शब्दांवर भिस्त ठेवू नका. तीनदा तेच. आमच्या भांडणांत मला तो तिहेरी घोष ऐकू येतो. देव त्याच्या तोंडून पुढे म्हणतो, शिलोला, त्या उद्ध्वस्त झालेल्या जुन्या उपासनास्थानी, जाऊन बघा, जिथे माझं नाव पहिल्यांदा होतं, त्याचं मी काय केलं. परक्यांची देवळं सोडा, देव स्वतःच्या मंदिराबद्दल हे बोलतो आहे.

माझ्या आत्याला कर्करोग झाला तेव्हा कुणीतरी तिला एका मोठ्या आरोग्यसभेला नेलं. तिथून ती तेलाची छोटी बाटली घेऊन आली. बाटलीवर क्रूस नव्हता, वचन नव्हतं. उपदेशकाचा फोटो होता. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी हे याकोबाच्या पत्रातच आहे, आमच्या मंडळीचे वडीलही तिला तेल लावायला आले होते. तिच्या कपाळावर त्यांनी बोट टेकवलं तेव्हा आम्ही सगळे रडलो. पण त्या दुसऱ्या बाटलीबरोबर अटी आल्या. संशय धरायचा नाही. दर महिन्याला 'बी पेरायचं', म्हणजे पैसे पाठवायचे. बाटली संपली की नवी मागवायची. शेवटच्या दिवसांत बाटली दिसली नाही तर आत्या कासावीस व्हायची, उशी चाचपायची. ती गेल्यावर तिला तिथे नेणारा माणूस मला म्हणाला, "विश्वास थोडा कमी पडला." मी त्याच्याशी पुन्हा बोलू शकलेले नाही, आणि माझ्या मनातला तो राग अजून पुरता निवलेला नाही. आत्याचा विश्वास कमी नव्हता. मरणाऱ्या बाईला एक बाटली चाचपायला लावली गेली, आणि देवाचा हात तर आधीपासून तिच्या डोक्यावर होता.

इथवर मी दुसऱ्यांचं सांगत आले. हे सोपं होतं.

मुलगा दहावीत चांगल्या मार्कांनी पास झाला आणि आम्ही त्याला पुण्यात एका क्लासला घातलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची दोन वर्षांची तयारी. सराव परीक्षा रविवारी सकाळी असायच्या, साडेआठ ते साडेअकरा. आमची उपासना नऊला. पहिल्या रविवारी मी त्याला डबा करून दिला आणि माझ्या मनाला सांगितलं, दोनच तर वर्षं. मग त्याला सोडायला, आणायला कुणीतरी हवं म्हणून त्याचे बाबा जाऊ लागले. मग तो दमून येतो, घरी गरम जेवण हवं म्हणून मीही राहू लागले. ज्या घरात तीन पिढ्या रविवारची उपासना चुकली नव्हती, ते घर कुणी न सांगता, कुणी न धमकावता उपासनेला जायचं थांबलं. आजीला तर ऊन, पाऊस, नदीचा पूर यांनीसुद्धा अडवलं नव्हतं.

प्रार्थना मात्र वाढली होती. इतकी प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती. पहाटे चारला उठायचे. परीक्षेच्या महिन्यात दर शुक्रवारी उपास. बायकांच्या प्रार्थनासाखळीत त्याचं नाव. त्याच्या टेबलासमोर वचनाची कार्डं: 'मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे'. पौलाने तुरुंगातून, भुकेतही समाधानी कसं राहावं ते सांगताना लिहिलेली ओळ मी रँकसाठी भिंतीवर चिकटवली होती. पेपरच्या दिवशी त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी मोठ्याने प्रार्थना केली, आणि प्रार्थनेत देवाला आठवण करून दिली की त्याने काय काय कबूल केलं आहे.

निकाल लागला. हव्या त्या कॉलेजांच्या आसपासही नंबर नव्हता. मी त्याला रागावले नाही, मारलं नाही. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे, समोर ठेवायचे, निघून जायचे. देवाशीही बोलत नव्हते. तिसऱ्या रात्री तो स्वयंपाकघराच्या दारात आला. मी ओटा पुसत होते. तो म्हणाला, "आई, तू माझ्यासाठी प्रार्थना करायला लागलीस की मला भीती वाटते."

मी फडकं तसंच हातात धरून उभी राहिले.

यिर्मयाचा तोच सातवा अध्याय, मंदिराच्या दारातला, शेवटाकडे बेन-हिन्नोमच्या खोऱ्यात उतरतो. तिथे लोकांनी तोफेतची स्थानं बांधली होती आणि ते आपल्या मुलामुलींना अग्नीत होम करत होते. देव म्हणतो, हे मी आज्ञापिलं नव्हतं, माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. हा भाग मी कितीदा वाचला होता आणि प्रत्येक वेळी ते कुठले रानटी लोक म्हणून पुढे गेले होते. त्या रात्री मला वाटलं, तेही आईबापच होते. त्यांनाही वाटलं असेल की हे देवालाच हवं आहे, मुलाच्या नि घराण्याच्या भल्यासाठीच चाललं आहे. मुलगा देवाने दिला होता, माझ्या लग्नानंतर सात वर्षांनी. तो माझा पितळेचा साप होता. मी त्याला खांबावर लावलं, दोन वर्षं त्याच्यापुढे धूप जाळला, आणि धूप कमी पडला म्हणून त्याच्यावरच रुसले.

ओळखायचं कसं, हा आजीच्या गोष्टीतला प्रश्न. मला सापडलेलं उत्तर त्या दाराशी ऐकलेल्या एका शब्दात आहे: भीती. जी गोष्ट हातातून जाईल म्हणून मी आतून थरथरते, जिला कुणी बोट लावलं तर माझा आवाज चढतो किंवा माझं बोलणं बंद होतं, तिथे धूप जळतो आहे. प्रेमातही काळजी असते, हे मला माहीत आहे. दोन्ही वेगळं करणं कठीण आहे आणि मला ते अजून दरवेळी जमत नाही. पण मुलाला ते बरोबर जमलं होतं. त्याला माझ्या प्रेमाची भीती वाटली नाही, माझ्या प्रार्थनेची वाटली.

मी त्याची क्षमा मागितली. आईने मुलाची क्षमा मागण्याची आमच्याकडे रीत नाही. तो गोंधळला, "असू दे गं," म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरची कार्डं काढली. काढताना रंगाचे पोपडे निघाले, ते डाग अजून आहेत. पुढच्या रविवारी आम्ही तिघं उपासनेला गेलो. मागच्या बाकावर बसलो. पाळकसाहेबांनी निकालाबद्दल विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

प्रतिकार वगैरे शब्द मोठे आहेत. आम्ही केलं ते लहान होतं. काही दिवस मी मुलासाठी फक्त 'प्रभू, हा तुझा आहे' एवढंच म्हणायचं ठरवलं, एकही मागणी न जोडता. पहिल्या आठवड्यात ते वाक्य घशात अडकायचं. दान पाकिटावर नाव न लिहिता टाकायला लागले. वर्षाअखेरीस मंडळीच्या छापील यादीत आमच्या नावापुढे टिंब दिसलं तेव्हा मला जे झोंबलं, त्यावरून कळलं की हे आधीच करायला हवं होतं. रविवारी सकाळपासून जेवणापर्यंत फोन कपाटात. हा नियम मी कित्येकदा मोडला आहे. यशयाच्या सुतारासारखंच माझं होतं: ज्या फोनवर पहाटे वचन वाचते, त्याच फोनवर रात्री दोन तास कुठे जातात कळत नाही, आणि एकाच लाकडाचे हे दोन तुकडे आहेत असं मनात येत नाही. एकटीला हे साधत नाही. आमच्या तीन मैत्रिणींचं ठरलंय की महिन्यातून एकदा एकमेकींना विचारायचं, "तुझा नहुश्तान काय म्हणतो?" कधी कुणाची सून असते, कधी कुणाचा फ्लॅट, कधी अमेरिकेतल्या नातवाचा व्हिडिओ कॉल. नाव घेतलं की तो वितळतो असं नाही, पण त्याच्यापुढे धूप जाळणं जरा अवघड होतं.

मुलगा राहुरीला कृषी विद्यापीठात शिकला. आता संगमनेरकडे शेतकऱ्यांच्या बांधावर ठिबकचं काम बघतो. आनंदात आहे असं वाटतं; कधी कधी नसतोही. मध्यंतरी बायकांच्या सभेत मला साक्ष द्यायला बोलावलं. मी ही सगळी गोष्ट सांगितली, निकाल, स्वयंपाकघराचं दार, भिंतीवरची कार्डं. बायका रडल्या. सभेनंतर कितीजणी हात धरून म्हणाल्या, "बाई, काय साक्ष दिलीत!" बसमध्ये बसल्यावर मी त्यांचे शब्द एकेक आठवत होते. स्वारगेट येईपर्यंत मला तो मोदक परत केलेला दिवस आठवला, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. या लेखाच्या वेळीही ते माझ्या मनात आहे.

आजीचा हंडा माझ्याकडे आला. नेवाशाचं घर विकल्यापासून तो आमच्या दिवाणखान्यात होता, लाखेचं पॉलिश केलेला, शोकेसमध्ये खास दिवा लावून ठेवलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगायचे, बायबलबाईचा हंडा, शंभर वर्षांचा आहे. मागच्या शनिवारी मी तो खाली काढला. चिंच भिजवली. राख नव्हती, मीठ घेतलं. पॉलिश निघायला दोन तास लागले, नखं दुखली. मग नळाखाली धरून पाणी भरलं. बुडाशी कुठेतरी चीर असावी, पाणी ओट्यावर ओघळायला लागलं. कल्हईवाल्याला विचारलं, तो म्हणाला, पितळ पातळ झालंय, डाग देऊन टिकणार नाही.

मुलगा रविवारी आला होता. त्याने हंडा उचलून उजेडात धरला, चीर बघितली आणि म्हणाला, "पाणी छान निचरेल." बाल्कनीत त्याने त्यात माती भरली आणि गवती चहाचा एक कोंब लावला.

काल सकाळी त्यातली दोन पाती तोडून मी चहात घातली.